वाणातली बाटली

“आणखी काही घेता का आज्जी? दुसरं औषध, पावडर, काढा?” डॉक्टरांनी विचारलं, आणि मनुबाईंनी उशीवरच मान हलवून सांगितलं, “न्हाय ओ. राती निजताना ती चरबीची गोळी तेवढी. खानापूरच्या डाक्टरनं दिलेली.” डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे असावेत; मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी चाचपून बघायचे. “मत्ते? अजून?” त्यांनी पुन्हा विचारलं. “न्हाय म्हन्लं न्हवं,” मनुबाई म्हणाल्या आणि थकून डोळे मिटले. पलंगाच्या पायथ्याशी त्यांची धाकटी जाऊ विनोदिनी थर्मास धरून उभी होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले. नर्सनं सलाइनचा वेग वाढवला. विनोदिनीनं उगीचच थर्मासचं झाकण काढलं आणि परत लावलं.

मनुबाई खोटं बोलत नव्हत्या, दुखणं ते होतं. लपवणारं माणूस कुठंतरी अडखळतं. त्या अडखळल्या नव्हत्या. डॉक्टरांनी औषध विचारलं होतं, आणि ती गोळ्यांची बाटली मनुबाईंच्या लेखी औषध नव्हतीच मुळी. ते वाण होतं. संक्रांतीच्या हळदकुंकवात विनोदिनीनं स्वतःच्या हातानं त्यांच्या पदरात घातलेलं. वाण या प्रकाराची विनोदिनीनं आयुष्यभर टिंगल केली होती. प्लास्टिकच्या गाळण्या, चहाचा एक घोट मावेल एवढ्या स्टीलच्या वाट्या, दोनदा पेटून तिसऱ्यांदा रुसणारे लायटर. या घरातून त्या घरात आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याच घरातून परत आपल्याच घरात. कपाटाचा खालचा कप्पा त्यानं भरला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं ठरवून टाकलं, की आता आपण लुटायचं ते उपयोगाचंच लुटायचं. आणि नेमकी तेव्हाच प्रियदर्शनी आली. तिची जुनी विद्यार्थिनी, आता एका कंपनीच्या आरोग्याच्या वस्तू घरोघर विकणारी, बोलण्यात मध आणि हातात पत्रकं. “टीचर, तुमचं कोलेस्टेरॉल जरा जास्तच आहे की. हे घेऊन बघा. नॅचरल आहे, साइड इफेक्ट शून्य.” विनोदिनीनं घेऊन बघितलं. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. तिनं तो कागद नवऱ्याच्या, आनंदच्या नाकासमोर नाचवला होता, आणि यंदाच्या संक्रांतीला वाण म्हणून याच बाटल्या लुटायच्या ठरवल्या.

आणि त्या बाटलीवर लिहिलं तरी काय होतं? बारीक अक्षरात, पण लिहिलं होतं, की हे लाल तांदळापासून केलंय. एक बुरशी लावून आंबवलेल्या तांदळापासून. तांदूळ! सासर गुंजीचं, शेतातला लाल तांदूळ दरवर्षी पोत्यानं बेळगावच्या घरी यायचा. त्याची पेज पिऊन या घरातली बाळंतपणं झाली, म्हातारी माणसं आजारातून उठली. तांदळानं कुणाचं काय बिघडणार? आनंदनं चष्मा वर करून एकदा विचारलं होतं, “अगं, पण एखाद्या डॉक्टरला विचारावं काय?” त्यावर ती म्हणाली होती, “भात खाताना विचारतोस का डॉक्टरला?” सगळे हसले होते. तीस-पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेली बाई असं बोलली होती. बुरशी म्हणजे काय, आंबवल्यावर पदार्थाचा पदार्थच बदलतो म्हणजे काय, हे तिनं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण फळ्यावरचं ज्ञान फळ्यावरच राहतं की काय कोण जाणे. स्वयंपाकघरात शिरताना ती ते बाहेर चपलांपाशी काढून ठेवत असावी.

पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर ती बसली. मनुबाईंचा हात चादरीवर पडला होता, सुजल्यासारखा. हाच हात सुगीत पोतं एका हिसक्यात उचलायचा. आठवड्यापूर्वी गुंजीहून पुतण्याचा, रवळूचा फोन आला होता. “काकी, आईच्या मांड्या लई दुखालेत. चुलीपुढनं उठाय येईना झालंय. भिंतीला धरून उठवलो आज.” विनोदिनी म्हणाली होती, वय झालं, कॅल्शियम कमी असेल, तीळ खायला सांग. तीळ! मग काल परत फोन, आणि या खेपेला रवळूचा आवाज खाली उतरलेला. लघवी काळ्या चहागत होतेय म्हणाला, आणि तीही थोडीच. गाडी करून त्यांना आणलं. दवाखान्याच्या बाथरूममध्ये मनुबाईंना धरून उभी असताना विनोदिनीनं तो रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. मनुबाई लाजून म्हणाल्या होत्या, “काय बघालीस गं, तकडं तोंड कर.” तिनं तोंड फिरवलं, पण रंग डोळ्यांपुढून हलला नाही. रक्ताच्या तपासणीत स्नायू विरघळून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतोय असं निघालं होतं. कशामुळं ते डॉक्टरांना कळत नव्हतं. एकट्या त्या रात्रीच्या गोळीनं एवढं व्हायला नको, असं ते नर्सशी कानडीत बोलले होते आणि विनोदिनीला कानडी चांगली कळत होती.

तरी ती उठली नाही. उठेन, सांगेन, एवढं सलाइन संपू दे, असं मनाशी म्हणत बसून राहिली. आणि बसल्या जागी तिला निपाणीचं घर आठवलं. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते. घरात त्यांच्या सदऱ्याबरोबर तो तिखट वास यायचा आणि आई सदरा झटकताना दहादा शिंकायची. ते अचानक गेले, तेव्हा विनोदिनी चौथी-पाचवीत असेल. त्यानंतरच्या संक्रांतीला थोरल्या काकूनं घरात हळदकुंकू केलं. आई दिवसभर तिळाच्या वड्या थापत होती. बायका आल्या, अत्तर लागलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि आई स्वयंपाकघराच्या दाराआड वड्यांचं ताट धरून उभी. ताट बाहेर न्यायला ती विनोदिनीला हाक मारायची. आत-बाहेर, आत-बाहेर करताना पोरीला एकदम कळलं की आई या उंबऱ्याच्या बाहेर येणार नाही. कुणी अडवलं नव्हतं तिला. कुणी काही बोललंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी पोरीनं एकही वडी खाल्ली नाही, आणि आईला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय.

म्हणून तर यंदा मनुबाईंना तिनं दाराआडून बाहेर ओढलं. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मनुबाई संक्रांतीला तांदूळ घेऊन बेळगावला आल्या होत्या आणि रीतीप्रमाणे आत पातेल्यात चहा ढवळत उभ्या होत्या. बाहेर गल्लीतल्या, शाळेतल्या अशा सगळ्या बायका बसलेल्या. विनोदिनी आत गेली, गॅस बंद केला आणि त्यांचा हात धरला. “आक्का, चला बाहेर.” “मला नगो गं. बायका काय म्हन्तील?” “म्हणू देत. माझं घर आहे.” मनुबाई बाहेर आल्या त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून, जणू हुडहुडी भरलीय. विनोदिनीनं सगळ्यांच्या देखत त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. शेजारच्या शालूबाई तेवढ्यात कपात काही पडलंय का ते बघू लागल्या. मनुबाईंनी डोळे गच्च मिटले होते, डोळ्यांत औषध घालून घेताना पोरं मिटतात तसे. मग खणात गुंडाळलेली बाटली तिनं त्यांच्या पदरात घातली. निघताना, चपला घालता घालता, हळूच म्हणाल्या, “सासूबाई असत्या तर मला उभी चिरली असती बग.” आणि हसल्या. एवढ्या वर्षांत विनोदिनीनं त्यांचं तसलं हसू बघितलं नव्हतं. तिला त्या दिवशी फार आनंद झाला होता, इतका की स्वतःचाच अभिमान वाटला. आईला हे बघायला मिळायला हवं होतं असं वाटून संध्याकाळी ती एकटीच रडली होती.

पुढं रवळू सांगायचा, आई ती बाटली देव्हाऱ्यात ठेवते. सकाळी अंघोळ करून दिवा लावला की दोन गोळ्या, तीर्थ घेतल्यागत, डाव्या तळव्यावर उजवा ठेवून. शेतातलं काम असो, ताप असो, चुकवणं नाही. विनोदिनी हे कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली. बाटली संपली तेव्हा रवळूनं विचारलं, “काकी, ते वाणातलं आनि गावतंय काय? आई म्हनालीय, मधीच सोडलं तर बरं दिसत न्हाय.” तिनं त्याच दिवशी एसटी स्टँडवर जाऊन गुंजीकडच्या ओळखीच्या माणसाबरोबर दुसरी बाटली धाडली. धावत गेली होती ती. पायात चपला वेगवेगळ्या घातल्यात हे स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं होतं. खानापूरचा डॉक्टर आक्कांना रात्रीची गोळी देतो हे तिला ठाऊक होतं. पण ते औषध. आणि हे वाण. मनुबाईंच्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या, आणि तिच्या, विज्ञानवाल्या बाईच्या डोक्यात तरी कुठं भेटल्या होत्या?

सलाइन संपलं. नर्सनं दुसरं लावलं. आता मात्र ती उठली. पर्समध्ये तिची स्वतःची बाटली होती, नाश्त्यानंतर घ्यायची म्हणून बरोबर आणलेली. डॉक्टर जिन्यापाशी फोनवर बोलत होते. ते थांबेपर्यंत ती बाटली मुठीत धरून उभी राहिली. मग म्हणाली, “त्या हे पण घेतात. रोज दोन. संक्रांतीपासून. आता दुसरी बाटली चालू आहे. मीच दिलंय.” डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे फिरवून वाचली. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “अम्मा, यात जे काम करतं, आणि त्या रात्रीच्या गोळीत जे काम करतं, ते जवळजवळ एकच. म्हणजे त्या एकच औषध दोन ठिकाणांहून घेत होत्या.” “पण हे तांदळाचं आहे ना?” तिच्या तोंडून निघून गेलं. “तांदळावर वाढवलेल्या बुरशीचं. बुरशीच ते औषध तयार करते. किती, ते इथं लिहिलेलं नाही, बघा. एका बाटलीत थोडं असेल, दुसरीत पुष्कळ. दुसऱ्या बाटलीनंतर दुखायला लागलं का?” तिनं मान हलवली. “तुम्ही काय करता?” त्यांनी विचारलं. “टीचर होते. विज्ञान.” डॉक्टरांनी बाटली तिच्या हातात परत दिली. दोन्ही गोळ्या बंद, पाणी भरपूर, लघवी सुटली तर ठीक, नाही तर डायलिसिस, एवढं सांगून ते खाली गेले.

ती तिथंच जिन्यात बसली आणि फोन काढला. अजून किती जणींच्या घरी त्या बाटल्या होत्या! शालूबाईंना ब्लडप्रेशर, मुख्याध्यापिकाबाईंच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली, म्हणजे चरबीची गोळी त्यांनाही असणारच. एकेकीला फोन लावून ती म्हणाली, ती बाटली घेऊ नका, तिच्यामुळं माझ्या जाऊबाई दवाखान्यात आहेत, मी घरी येऊन परत नेते. मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच ऐकलं आणि दुसऱ्याच मिनिटाला, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” असं म्हणून फोन ठेवला. एकीनं ती आपल्या विहिणीला देऊन टाकली होती आणि विहीण हुबळीला गेली होती. शालूबाईंना तर हसू आवरेना. “अवो टीचर, वाण कोन माघारी मागतंय काय? मला तर लई गुण आलाय. तुमच्या जाऊबाईचं येगळं. त्येनी घ्यायचंच न्हवतं ते.” “म्हणजे?” “म्हंजे काय, तुमास्नी म्हायत न्हाय व्हय?” शालूबाई म्हणाल्या. विनोदिनीला ते वाक्य नीट कळलं, पण त्या वेळी तिनं ते ढकलून दिलं. प्रियदर्शनीनं फोन उचललाच नाही. संध्याकाळी तिचा निरोप आला, की टीचर, बाटलीवर लिहिलेलंच आहे, दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विनोदिनीनं बाटली परत वाचली. तळाशी, तांदळाच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात ते होतं.

डायलिसिस दोनदा करावं लागलं. मग हळूहळू लघवी सुटली, रंग निवळला. ज्या दिवशी मनुबाई टेकून बसून पेज प्यायल्या, त्या दिवशी विनोदिनीनं त्यांना सगळं सांगायचं ठरवलं. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे असं तिला वाटत होतं. तिनं वर्गात सांगावं तसं सोपं करून सांगितलं: रात्रीची गोळी आणि ही गोळी आतून एकच, दोन्ही मिळून जास्त झालं, म्हणून स्नायू विरघळले, चूक माझी, मी विचारून द्यायला हवं होतं. “आक्का, मला क्षमा करा.” तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मनुबाईंनी वाटी खाली ठेवली आणि तिचा हात थोपटला. “तुजं काय चुकलं गं? तू मायेनं दिलीस. मला भोवलं ते. मी घ्यायचंच न्हवतं.” “तसं नाही आक्का, दोन औषधं एक झाली...” “व्हय, व्हय,” मनुबाई म्हणाल्या. “कुंकू लावलीस तवाच माज्या अंगावर काटा आलता. म्हटलं, हे मला सोसनार न्हाय. पर तुज्या तोंडाकडं बघून गप बसलो. एवढ्या बायकांस्नी दिलीस, कुनाला काय झालं? माज्याच वाट्याला आलं. सांग, का?”

विनोदिनीनं परत समजावलं. खानापूरची गोळी कशी, बुरशी कशी, कागदावर दोन गोळ्या काढून बाण काढले. मनुबाई कागदाकडे बघून मान हलवत होत्या, लहान पोरानं काढलेल्या चित्राला आपण हलवतो तशी. रवळू शेजारी उभा राहून खाली बघत होता, आणि त्यालाही कुणाचं पटलंय ते विनोदिनीला दिसलं. तिला ओरडावंसं वाटलं. गोळीनं जेवढं तोडलं होतं ते डॉक्टर सलाइन लावून थोडंफार सांधू शकले. हे कुणी सांधायचं? आईला दाराआड उभं करणाऱ्यांपैकी कुणीही आईला आजारी पाडलं नव्हतं. तिनं मात्र आक्कांना दाराबाहेर काढून, भर बायकांत उभं करून, ती शिक्षा खरी करून दाखवली होती. शालूबाईंचं वाक्य आता गल्लीभर फिरत असणार, आणि पुढं कुठल्या घरात कुणी एखादीला हात धरून बाहेर आणायला गेली, की विनोदिनी टीचरच्या जाऊबाईचं नाव निघणार. आनंद म्हणाला, “सोड आता, जीव वाचला ते बघ.” जीव वाचला होता. तिला त्याचं सुख वाटत होतं, अगदी मनापासून. आणि त्या सुखाखाली काहीतरी टोचत होतं ते काही केल्या निघत नव्हतं.

मनुबाई काही दिवस बेळगावच्या घरी राहिल्या. भिंत धरून चालायच्या. बसलेल्या उठायला हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड पहिल्यासारखं होईलच असं नाही, जपायचं. घरात त्या बाहेरच्या खोलीत येईनाशा झाल्या. कुणी बाई भेटायला आली की आत सरकायच्या. विनोदिनी म्हणायची, “बसा की आक्का,” आणि त्या म्हणायच्या, “बसलोय की गं हितं, बरं हाय.” त्यांना उठून दाराआड जाताना मांड्या थरथरायच्या, तरी जायच्या. देव्हाऱ्यातल्या हळदकुंकवाच्या करंड्यापाशी आल्या की पदर आवरून लांबून जायच्या.

मग रवळू न्यायला आला. सकाळच्या गाडीनं जायचं होतं. स्टेशनवर बाकावर बसल्यावर मनुबाईंनी रवळूला खुणावलं आणि त्यानं पिशवीतून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनीच ते गुंजीहून आणायला सांगितलं असावं. खण विनोदिनीनं ओळखला. तिनंच दिलेला, घडीसुद्धा न मोडलेला. आत ती बाटली होती. स्वच्छ धुतलेली, आणि तोंडापर्यंत भरलेली, शेतातल्या लाल तांदळानं. “वाण माघारी करू नये म्हन्त्यात,” मनुबाई म्हणाल्या, “पर जे आपलं न्हवंच ते ठेवू कसं गं? आन रिकामं तरी कसं देऊ?” त्यांनी दोन्ही हातांनी बाटली पुढं केली. विनोदिनीला नको म्हणता येईना. गाडी आली होती, माणसं उठत होती. तिनं पदर पसरला आणि बाटली त्यात पडली. आणि मग सवयीनं, वाण घेताना बायका करतात तसं, तिनं कपाळ जरा पुढं केलं. मनुबाईंचा हात वर आला. अर्ध्यावर आला, थांबला, आणि त्यांनी तो पटकन पदराखाली घेतला.

“कुंकू तेवढं,” त्या म्हणाल्या, “घरला जाऊन तुजं तूच लावून घे.”